दीड गोळीचा हिशेब

शाळेत हजेरी घ्यायची आहे असं समजा. एका नावाला एक सेकंद. जेवायला थांबायचं नाही, झोपायचं नाही, रविवारची सुट्टी नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडली त्या सकाळी पहिलं नाव पुकारलं, तर शेवटचं नाव यायला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटेल. १६० दिवस, १६० रात्री. गणपती येऊन जातील, नवरात्र होईल, दिवाळीचे आकाशकंदील उतरतील, तरी नावं चालूच.

ही हजेरी आहे ज्यांची आई, वडील किंवा दोघंही एड्सने गेले अशा मुलांची. वय अठराच्या आत. युनिसेफच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात अशी मुलं १ कोटी ३८ लाख होती. २०११च्या जनगणनेत मुंबईत १ कोटी २४ लाख माणसं मोजली गेली. म्हणजे चर्चगेटपासून दहिसरपर्यंत आणि सीएसएमटीपासून मुलुंडपर्यंत, चाळीत, झोपडीत, टॉवरमध्ये, लोकलमध्ये, फुटपाथवर एकही मोठं माणूस नाही, सगळी पोरकी मुलंच, अशी मुंबई डोळ्यांसमोर आणा. तरीही १४ लाख मुलं वेशीबाहेर उभी राहतील.

यातल्या बहुतेकांच्या रक्तात विषाणू नाही. आजाराने त्यांचं घर नेलं, शरीर सोडलं. पण काहींच्या वाट्याला दोन्ही आलं. यूएनएड्सच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात एचआयव्हीसह जगणारी, पंधरा वर्षांच्या आतली मुलं १४ लाख होती. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे; दोन्ही बाजूंना काही लाखांची मोकळीक धरावी लागते. तरी आकार लक्षात यावा म्हणून सांगतो, २०११ साली सबंध गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा गोवा, आणि त्यात सगळी मुलं, सगळी रोज औषध लागणारी.

रोज औषध लागणारी म्हटलं. मिळणारी म्हणता येत नाही. त्याच वर्षी एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांपैकी ७८ टक्के औषधोपचारावर होती आणि मुलांपैकी ५५ टक्के. या दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. आजार एकच, विषाणू एकच, औषधांचे रेणूही बहुतेक तेच. मग मधल्या २३ टक्क्यांचं काय होतं? एचआयव्ही असलेल्या एकूण ४ कोटी ८ लाख माणसांत मुलं साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहेत. त्या वर्षी एड्सने गेलेल्या ६ लाख ३० हजार जणांत मात्र ७५ हजार मुलं होती, म्हणजे जवळपास बारा टक्के. दिवसाला २०५. सात मिनिटांना एक मूल. हा लेख इथपर्यंत वाचायला लागलेला वेळ आणि पुढे संपवायला लागणारा वेळ धरला तर एक मूल गेलेलं असेल, कदाचित दुसरंही.

आता हे सगळे लाख आणि कोटी बाजूला ठेवून एकाच शरीरात शिरू. तिथले आकडे याहून मोठे आहेत.

१९९६ साली अ‍ॅलन पेरेल्सन, डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांच्या रक्तातला विषाणू औषध सुरू केल्यावर किती वेगाने ओसरतो ते मोजलं आणि त्यावरून उलटं गणित मांडलं. उपचार नसलेल्या एका माणसाच्या अंगात रोज साधारण १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. पृथ्वीवर माणसं ८०० कोटींच्या थोडी वर आहेत. एका शरीरात, एका दिवसात, त्याहून जास्त. हा विषाणू इतका बारीक की एका मिलिमीटरमध्ये आठ हजारांहून जास्त एका ओळीत बसतील. तरीसुद्धा एका दिवसाचं उत्पादन ओळीने मांडलं तर ती ओळ सव्वा किलोमीटरच्या आसपास जाते, आपल्या पावलांनी पंधरा मिनिटांची वाट. उद्या पुन्हा तेवढीच. परवा पुन्हा.

या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर फक्त ९,७०० अक्षरांच्या आसपास आहे. छापील पुस्तकाची सहा-सात पानं भरतील. मात्र ती उतरवून घेताना चुका दुरुस्त करणारं कुणी त्याच्याकडे नाही. दर तीस हजार अक्षरांमागे एखादी चूक होते, म्हणजे तीन प्रतींत साधारण एक. चूक हा एरवी दोष वाटतो, पण इथे तेच त्याचं हत्यार आहे. रोज हजार कोटी प्रती निघत असतील, तर मजकुरातल्या प्रत्येक अक्षरावर होऊ शकणारी प्रत्येक एकेरी चूक रोज कुठे ना कुठे होतेच. त्यातली एखादी अशी निघते की औषध तिला ओळखत नाही. एकच औषध दिलं तर ती प्रत जगते, वाढते आणि थोड्या काळात सगळीकडे तीच होते.

म्हणून तीन औषधं, एकाच वेळी. एका ठरावीक चुकीची शक्यता तीस हजारांत एक. तीन ठरावीक चुका एकाच प्रतीत एकदम व्हायच्या तर तीस हजार गुणिले तीस हजार गुणिले तीस हजार, म्हणजे २७ लाख कोटींत एक. आणि औषध चालू असेल तर हजार कोटींचा कारखानाच थंडावतो, मग चूक करायलाही प्रती उरत नाहीत. रक्तातला विषाणू काही महिन्यांत यंत्रालाही सापडेनासा होतो. या स्थितीतलं माणूस लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग देत नाही आणि योग्य काळजी घेतली तर आयुष्याची दोरीही जवळपास इतरांइतकीच लांब होते.

पण तो जात नाही. लाखो विश्रांत पेशींतल्या एखादीत तो गप्प पडून राहतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट सिलिचियानो यांच्या गटाने २००३ साली हिशेब मांडला, की हा साठा निम्मा व्हायला ४४ महिने लागतात आणि नुसत्या औषधाच्या जोरावर तो संपायला ७३ वर्षांहून अधिक. म्हणजे जन्म घेताना संसर्ग झालेल्या बाळाने एकही दिवस न चुकता औषध घेतलं, तर कदाचित आजोबा होऊन गेल्यावर. गोळी थांबवली तर बहुतेकांत दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात.

दहा वर्षांच्या मुलाला साठाव्या वर्षापर्यंत लागणाऱ्या गोळ्या रोज एक धरून १८,२५०. एवढ्या मोठ्या आकड्याचं काय करायचं ते मुलाला कळत नाही, मलाही कळत नाही. म्हणून एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरमध्ये हिशेब महिन्याचा चालतो. बाटलीत तीस गोळ्या. पुढच्या महिन्यात येताना बाटली आणायची. समुपदेशक उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतून मोजतात. औषध किती टक्के घेतलं, हे त्यावरून निघतं, आणि अपेक्षा असते ९५ टक्क्यांच्या वर. आता करून बघा. तीसपैकी एक चुकली तर ९६.७ टक्के, पास. दोन चुकल्या तर ९३.३ टक्के, नापास. रेषा आहे ती दीड गोळीवर. हजार कोटी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला महिन्याची दीड गोळी. (आजची डोल्युटेग्राव्हिरवर आधारलेली औषधं जुन्या औषधांपेक्षा चुका बऱ्याच सोसतात, हे खरं. पण सवयीची घडी एकदा मोडली की ती दोन गोळ्यांवर थांबत नाही, हेही तितकंच खरं.)

मोठं माणूस ही दीड गोळी स्वतः सांभाळतं. लहान मुलाची कोणी सांभाळायची?

पूर्वी तर ती गोळीही नव्हती. लहान बाळांसाठी बराच काळ चालणारं एक मुख्य औषध म्हणजे लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरचं पातळ औषध. त्यात ४२ टक्के अल्कोहोल. आपल्याकडच्या दुकानातल्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ असा आकडा असतो, तो आठवा. चौदा दिवसांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नाही असा इशाराच होता. चव इतकी कडू की मूल ओकून टाकायचं. वर ते थंडाव्यात ठेवायचं, म्हणजे घरात फ्रीज हवा आणि फ्रीजला वीज हवी. शिवाय बाहेर आणायची ती भलीमोठी बाटली, जी शेजारणीला दिसल्याशिवाय राहत नाही. सकाळ-संध्याकाळ हे सगळं करणारी आई गेलेली असेल, तर तिच्या जागी कोण? बहुधा आजी.

२०२० च्या अखेरीस मुलांसाठीच्या दहा मिलिग्रॅम डोल्युटेग्राव्हिरच्या विरघळणाऱ्या गोळीचा करार झाला. थोड्या पाण्यात टाकली की विरघळते, स्ट्रॉबेरीची चव, फ्रीज नको. करार झालेल्या दोन कंपन्यांपैकी मॅक्लिऑड्स ही मुंबईची. ९० गोळ्यांच्या बाटलीला साडेचार डॉलर, म्हणजे मुलामागे वर्षाला साधारण ३६ डॉलर. त्या वेळच्या भावाने दिवसाला सात-साडेसात रुपये. त्याच्या वीस वर्षं आधी मोठ्यांच्या तीन औषधांना वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधं धर्मादाय तत्त्वावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि जगाचा भाव तुटला. आफ्रिकेतल्या लाखो घरांत आज जी बाटली आहे तिचं एक टोक मुंबईत आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मात्र गोळी गोड झाली तरी हिशेब सोपा झाला नाही. तीन ते सहा किलोच्या बाळाला रोज अर्धी गोळी. सहा ते दहा किलोला दीड. दहा ते चौदाला दोन. चौदा ते वीसला अडीच. वीस किलोनंतर मोठ्यांची एक. मूल वाढतं तसं औषध बदलतं. मूल दर खेपेला वजनकाट्यावर उभं केलं पाहिजे, तो काटा बरोबर असला पाहिजे आणि ‘आता दीडच्या दोन करा’ हे घरी जाऊन लक्षात ठेवणारं कुणी असलं पाहिजे. मोतीबिंदू झालेल्या आजीने गोळी मधोमध मोडायची, एक अर्धी आज, दुसरी उद्यासाठी जपून ठेवायची. उपचाराच्या यशापयशाचे तक्ते निघतात त्यांच्या तळाशी ही अर्धी गोळी असते.

आणि वेळ थोडा असतो. उपचार नसतील तर संसर्ग झालेल्या बाळांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी जातात. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची चाचणी या वयात उपयोगाची नाही. सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात, वाळवतात, लांबच्या प्रयोगशाळेत पाठवतात. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की बाळ आजारी पडायची वाट न बघता पहिल्या तीन महिन्यांतच औषध सुरू केलं तर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. कागदावरच्या पाच थेंबांना एवढी किंमत आहे.

औषधाविना दुसरा वाढदिवस ओलांडणाऱ्या उरलेल्या निम्म्यांचं काय, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारलाच नव्हता. ती मुलं फार जगणार नाहीत असं धरून चालले होते सगळे. झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे रशिदा फरांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळात दाखल झालेली दहा ते अठरा वयाची मुलं तपासली. जवळपास निम्म्या मुलांच्या रक्तात एचआयव्ही निघाला. यातली बहुतेक जन्मतःच संसर्ग झालेली होती. बिनऔषधाची, बिननिदानाची, खुरटलेली, दम लागणारी, पण जिवंत. हिशेब असा निघाला की जन्मतः संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत आजार सावकाश चढतो आणि त्यांचं आयुष्य सोळा वर्षांच्या आसपास जातं. ज्या मुलांना कुणी मोजलं नव्हतं ती मुलं पौगंडावस्थेत पोचली होती, आणि तोवर त्यांना वाढवणारे गेले होते. झिम्बाब्वेत सरासरी आयुर्मान ऐंशीच्या दशकात साठीच्या पुढे होतं, या शतकाच्या सुरुवातीला ते पंचेचाळिशीच्या आत आलं. पंधरा-वीस वर्षांचं आयुष्य सबंध देशाच्या पदरातून गळून पडलं. गेले ते तरुण, म्हणजे आईबाप. शोना भाषेत आजीला अंबुया म्हणतात. मधली पिढी गेलेल्या घरांत अंबुया आणि नातवंडं राहिली.

याच हरारेत २००४ मध्ये काही किशोरवयीन मुलांसाठी एक छोटा गट सुरू झाला. नाव झ्वांदिरी, अर्थ ‘मी आहे तशी, मी आहे तसा’. पुढे त्यातून एक पद्धत तयार झाली. स्वतः एचआयव्ही असलेली अठरा ते चोवीस वयाची मुलं-मुली शिकवून तयार करायची आणि त्यांनी आपल्याहून लहानांच्या घरी जायचं. औषध घेतलंस का, एवढंच नाही विचारायचं. कुठे ठेवतोस, कुणाला माहीत आहे, मावशीकडे राहायला गेलास तेव्हा बाटली नेलीस का, शाळेत कोण काय बोललं. गरज पडली तर दवाखान्यात सोबत जायचं, आठवड्याला एक मेसेज पाठवायचा, महिन्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं.

हे चांगलं वाटतं म्हणून चांगलं, असं न म्हणता त्यांनी ते तपासलं. बिंदुरा आणि शाम्वा या दोन ग्रामीण जिल्ह्यांतली १६ आरोग्य केंद्रं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. तेरा ते एकोणीस वयाची सुमारे पाचशे मुलं. सगळ्यांना तीच सरकारी औषधं, तेच दवाखाने. एका गटाला वर झ्वांदिरीची मुलं. ९६ आठवड्यांनी रक्त तपासलं. विषाणू पुन्हा वर गेलेली किंवा दगावलेली मुलं नेहमीच्या गटात ३६ टक्के होती, झ्वांदिरीच्या गटात २५ टक्के. २०२० साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले.

शंभरात अकरा मुलं. नवा रेणू नाही, नवं यंत्र नाही, दार ठोठावून ‘कसा आहेस’ विचारणारं एक माणूस. पण त्याच वाक्यातला दुसरा आकडाही मला सोडवत नाही. यश मिळालं त्या बाजूलाही चारातलं एक मूल निसटलं. पौगंडावस्था हा काळच तसा. लहानपणी ‘ताकदीची गोळी’ म्हणून जे दिलं त्याचा खरा अर्थ कळतो, आई कशाने गेली ते कळतं, आणि ज्यांच्यावर रागवायचं ती माणसं फोटोत असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा ते बारा या वयात मुलाला त्याच्या आजाराबद्दल हळूहळू, झेपेल तसं, सांगून टाकावं. आई नसताना ते सांगायचं कुणी? काका सांगत नाहीत, काकू म्हणते आपल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत. मग वसतिगृहात जाताना बाटलीतल्या गोळ्या कागदात बांधून न्यायच्या, सगळे झोपले की गिळायच्या. दीड गोळीची रेषा अशा रात्रींमध्ये ओलांडली जाते.

अशा घरभेटींना पैसे लागतात. अमेरिकेने २००३ साली जगातल्या एड्सविरोधी कामासाठी पेपफार ही योजना आणली तेव्हा कायद्यातच लिहिलं होतं, की दहा टक्के निधी अनाथ आणि असुरक्षित मुलांसाठी. २०२४ साली त्या पैशातून ६६ लाख मुलं आणि त्यांना सांभाळणारे यांना आधार मिळत होता. २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश निघाला. जीव वाचवणाऱ्या औषधांना काही दिवसांत सूट मिळाली. अनाथ मुलांसाठीची कामं त्या सुटीच्या यादीत नव्हती. गोळी जीव वाचवणारी मानली गेली आणि गोळी पोटात जाते की नाही हे बघणारी व्यक्ती मानली गेली नाही. बिंदुरा-शाम्वाचे आकडे हाताशी असताना असा निर्णय व्हावा, हे मला अजून पचलेलं नाही. झिम्बाब्वे स्वतः गेली पंचवीस वर्षं आयकरावर तीन टक्के एड्स अधिभार घेतो आहे. गरीब देश आहे, तरी घेतो आहे.

आपल्याकडे देशात एचआयव्हीसह जगणारी माणसं पंचवीस लाखांच्या घरात, आणि राज्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रात. सरकारी मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. औषधं येण्याच्या आधीच पुण्याजवळ विजयाताई लवाटे यांनी अशा मुलांसाठी ‘मानव्य’ उभं केलं होतं. पंढरपूरला मंगलताई शहा यांचं ‘पालवी’, लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांचं ‘सेवालय’, बीडला दत्ता आणि संध्या बारगजे यांचं ‘इन्फंट इंडिया’. यांतलं सुरुवातीचं घर निघालं ते मुलांना सन्मानाने मरता यावं म्हणून, आणि औषधं आल्यावर अशाच घरांतून मुलं दहावी, बारावी, नोकरी, लग्न असा विचार करू लागली. रात्री आठ वाजता एका रांगेत बसून सगळ्यांनी गोळी घ्यायची, लपवायचं काही नाही.

पण संस्थेत राहणारी मुलं थोडी. बाकीची आजीकडे, मामाकडे, आणि काही एकमेकांकडेच. हे कायद्यालाही ठाऊक आहे. २०१७ साली संसदेने केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा घ्या. त्याचं कलम ३२ सांगतं, की एड्सने ग्रासलेल्या कुटुंबाचा कारभार सांभाळण्याइतकी समज असलेलं, बारा वर्षं पूर्ण झालेलं मूल आपल्या अठराच्या आतल्या भावंडाचं पालक म्हणून चालेल. शाळेत नाव घालायला, बँकेचं खातं चालवायला, मालमत्ता बघायला, औषधोपचारासाठी. एखाद्या देशाने असं कलम लिहावं लागण्याइतकी अशी घरं असतील, तेव्हाच ते लिहिलं जातं.

म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला एसटीने तालुक्याला जायचं, भावाला वजनकाट्यावर उभं करायचं, उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतायच्या, नवी बाटली घ्यायची, फॉर्मवर पालकाच्या रकान्यात सही करायची. बारा वर्षांची मुलगी साधारण सातवीत असते. त्या दिवशी तिच्या शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर लागतं.